पडद्यावरची तिसरी ओळ

म्बूर,
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

प्रिय रोखाया,

हे पत्र बिंताच्या हाती देतेय. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला पुढचं बोलवणार नाही, आणि तोंडी निरोप पाठवला तर बिंता त्याला आपलं तिखटमीठ लावूनच पोचवणार. पाकीट फक्त तुझ्या हातात द्यायचं असं तिला बजावलंय. पूर्ण वाचल्याशिवाय फाडू नकोस. मधे तुला राग येईल अशा बऱ्याच जागा आहेत. लिहिताना मलाही आला.

दुकान आहे तसंच आहे. मासळीच्या धक्क्याकडून येणारा वास आणि शेजारच्या सुताराची करवत, दोन्ही सकाळी आठला सुरू होतात. तुझी खुर्ची मी अजून कुणाला दिलेली नाही, तिच्यावर कापडाचे तागे ठेवते. ज्या टेबलापाशी ती असायची तिथंच कॉम्प्युटर आहे. तू थिएसहून शिकून आलीस आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या पोटाचे तीन भाग केलेस, ते मला काल घडल्यासारखं दिसतं. भरतकामाचा आपला प्रोग्राम इतका जुना की तो फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. गिऱ्हाइकांचे फोटो, मापं, ऑर्डरी नव्या विंडोजवर. आणि तिसरं ते तुझं लिनक्स, ज्यात मी कधी डोकावलेही नाही. आई दारात उभी राहून म्हणाली होती, "एका घरात तीन सवती? एक दिवस झिंज्या उपटतील." तू मान वर न करता म्हणालीस, "याय, प्रत्येकीला वेगळी खोली आणि वेगळी चूल दिली की नाही भांडत." आई हसली. तुझ्यावर तिचा जीव जडला तो त्या दिवसापासून.

रोज सकाळी काळ्या पडद्यावर तीन ओळी यायच्या, आणि दहा मोजेपर्यंत आपली ओळ निवडायची. माझी तिसरी. तिच्यामागं आईची सगळी नक्षी होती. साखरेच्या पुड्यांच्या तपकिरी कागदावर तिनं कोळशानं काढलेली, आणि आपण दोघींनी चार वर्षं खपून टाका टाका करत आत चढवलेली. एकूण सहाशे बारा. तू मोजलीस, मी नाही. गळ्याभोवतीची ती जाळ्याची नक्षी चढवताना तुझ्याच लक्षात आलं होतं की डावीकडे सात फास आहेत आणि उजवीकडे आठ. "सारखे करू का?" तू विचारलंस. आई म्हणाली, "राहू दे. माझ्या बापाचं जाळंही असंच होतं, तरी मासे यायचेच."

तबास्कीच्या ईदला तीन आठवडे उरले होते, तेव्हाचा तो मंगळवार. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर दोनच ओळी आल्या. मला वाटलं डोळे चोळून पाहावं. बंद केला, परत लावला. दोनच. तुला हाक मारली. तू अर्धा तास बसलीस, बोटं खटाखट चालत होती, मी तुझ्या पाठीशी उभी राहून दुआ म्हणत होते. मग तू खुर्ची मागं सरकवलीस आणि म्हणालीस, "डिस्कचा तो भाग सडला, कुंबा. गेली ती." मी विचारलं, एकसुद्धा नाही? तू म्हणालीस, "अगं, मेलेल्या माणसाची नाडी किती वेळ बघशील?" मी रडायला लागले तर तू माझं डोकं तुझ्या छातीशी धरलंस. तुझ्या अंगाला चुरायच्या धुपाचा वास येत होता, तोसुद्धा मला आठवतो.

पुढं दहा दिवसांनी तू सांगितलंस की आता इथं दोघींपुरतं काम नाही, मावशी नव्या रस्त्यावर जागा देतेय. मी तुला अडवलं नाही. स्वतःच्या नशिबात तुला ओढून का बसवू? तुझ्या डोक्यावर हात ठेवला, घरून पांढऱ्या बाझँ कापडाचा एक तागा काढून दिला, म्हटलं, दुकानाचा पहिला बुबू झगा याचाच कर. तबास्कीची कामं मी हातानं केली. डोळे सुजले. निम्मी गिऱ्हाइकं निघून गेली, आणि त्यांना मी काय म्हणणार?

ईदच्या सकाळी मैदानात नमाजाला आले तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत फिकट निळ्या बुबूतली एक बाई होती. सलाम फिरवताना तिनं मान वळवली आणि मला तिचा गळा दिसला. नमाजात मोजू नये हे मला कळतं. तरी मी मोजले. डावीकडे सात, उजवीकडे आठ. बाहेर पडताना तिला गाठून विचारलं, फार सुंदर आहे, कुठं शिवला? ती खूश होऊन म्हणाली, "नव्या रस्त्यावर, रोखायाकडे. तिच्या स्वतःच्या नक्षी आहेत, दुसरीकडे मिळायच्या नाहीत." मी म्हटलं, खरंय. घरी येऊन मेंढ्याचं मटण भावाच्या पोरांना वाढलं, स्वतः एक घास खाल्ला नाही.

आधी मी मनाला समजावलं की तुला आठवणीतून काढता आली असेल. अकरा वर्षं रोज बघत होतीस. पण मग डिस्क सडली हेही मी तुझ्याच तोंडून ऐकलेलं, हे लक्षात आलं. दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं. मला काय येत होतं? बटण दाबणं. कॉलेजजवळच्या कॅफेत गेले, तिथल्या मुलीला म्हटलं, मला मेलेल्या डिस्कच्या आत बघायचंय. तिनं एका पेनड्राइव्हवर लिनक्स भरून दिलं आणि कागदावर लिहून दिलं की सुरू होताना कुठली कळ दाबायची. पहिले दोन दिवस मी ती कळ उशिरा दाबत होते, तीच दोन ओळींची काळी पाटी समोर यायची. तिसऱ्या दिवशी जमलं. डिस्कचा नकाशा उघडला तर तीन रंगांचे तीन कप्पे, शेजारी शेजारी, धडधाकट. मधला आपला. त्यावर फक्त 'लपवलेला' अशी खूण होती. उघडला, तर आईच्या सहाशे बाराही तिथं. एक टाका कमी नाही.

तुझ्या कप्प्यातली मेनूची फाइल शोधायला मला आणखी एक दिवस लागला. त्या फाइलमध्ये तिसऱ्या ओळीचा सगळा मजकूर जागच्या जागी होता, फक्त प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकेक चिन्ह टाकलेलं, ज्यानं कॉम्प्युटर ती ओळ वाचायचं सोडून देतो. अकरा ओळी, अकरा चिन्हं. फाइल बदलल्याची तारीख त्या मंगळवारच्या आदल्या दिवसाची. म्हणजे सोमवारी तू हे करून, हात धुऊन, माझ्याबरोबर एका ताटात चेबुजेन खाल्लंस आणि माशाचा मऊ तुकडा माझ्याकडे सरकवलास. मी ती चिन्हं एकेक करून पुसली, कप्प्याची खूण काढली, पेनड्राइव्ह उपसून कॉम्प्युटर परत लावला. तीन ओळी आल्या. मला आनंद व्हायला हवा होता.

मला इथंच थांबायला हवं होतं. पण मी परत तुझ्या कप्प्यात शिरले. 'नवं दुकान' नावाचा फोल्डर, आत आईची नक्षी, प्रत्येकीला नवं नाव. मी तारखा बघत गेले. मंगळवारच्या आठ महिने आधीपासून. सगळ्यात पहिली तारीख आई गेल्यानंतरच्या आठव्या दिवसाची होती, रोखाया. घर बायकांनी भरलेलं, मी ताटं लावत होते, आणि तू म्हणालीस, "तू बस सगळ्यांत, मी दुकानात जाऊन याईचा फोटो छापून आणते." तीन तास लागले तुला. फोटो चौकटीत घालून आणलास, आणि सगळ्या म्हणाल्या, मैत्रीण असावी तर अशी. मीही म्हणाले.

दुकानाच्या पाटीवर एकटं माझंच नाव आहे, हे मला कधी खटकलं नाही. तुला खटकत असेल. अकरा वर्षांत तू एकदा तोंड उघडलं असतंस तर मी रंगाऱ्याला बोलावलं असतं. कदाचित नसतंही बोलावलं, मला आता सांगता येत नाही. पण तू विचारलं नाहीस.

त्या दुपारी मी तुझा कप्पा पुसला. बाकी आत काय आहे ते बघितलं नाही. मला त्या कॉम्प्युटरमध्ये तुझं काही नको होतं. दोनदा विचारलं त्यानं, नक्की का, आणि दोनदा मी हो म्हटलं. मग बंद करून लावला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य, आणि लुकलुकणारी रेघ. ओळी तीन नाहीत, दोन नाहीत, एकही नाही. तो मेनूच तुझ्या कप्प्यात राहत होता, हे स्वतः ती फाइल बदलूनही रागात मला सुचलं नाही. तू सगळ्यांच्या दाराची किल्ली स्वतःच्या खोलीत ठेवली होतीस. नऊ दिवस दुकान बंद. कॅफेतली मुलगी दोनदा येऊन गेली. शेवटी तिनं दाखवलं तसं मी तुझ्या रिकाम्या कप्प्यात नवं लिनक्स बसवलं, त्याच्यातून मेनू परत बांधला, दोन्ही विंडोज त्याला ओळखायला लावल्या. दहाव्या दिवशी आपलं मशीन धडधडायला लागलं. सुतार करवत थांबवून बघायला आला.

त्याच नऊ दिवसांत तू बिंताकडून निरोप पाठवलास, "एकदा, फक्त एकदा कॉम्प्युटरपाशी बसू दे." मला वाटलं, काही नक्षी न्यायची राहिलीय. मी बिंताला म्हटलं, तिला सांग, चोरानं विसरलेली पिशवी मागायला परत यायचं नसतं. ते तिनं जसंच्या तसं पोचवलं असणार. तू पुन्हा विचारलं नाहीस.

गेल्या गुरुवारी तुझी आई आली. एकटी, काठी टेकत, डब्यात शेंगदाण्याची गोड लापशी घेऊन. मी तिला बसवलं, चहा ठेवला. आपल्या भांडणाचं तिला काही ठाऊक नाही असं दिसलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "कुंबा, जरा अलासानचा आवाज लाव. दोन महिने झाले ऐकला नाही." मला कळेना. मग तिनंच सांगितलं. तुझा भाऊ होडीतून निघाला त्यानंतर त्याचा पत्ताच लागला नाही; त्याआधी जे तीन आठवडे तो नुआदिबूच्या बंदरात थांबला होता, तेव्हा त्यानं पाठवलेले आवाजी निरोप, तुझा फोन बिघडत चालला म्हणून तू कॉम्प्युटरवर ठेवले होतेस. गुरुवारी ती यायची आणि तू तिच्या कानाला हेडफोन लावायचीस, तेव्हा मी समजायचे म्हातारी प्रवचन ऐकतेय. तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. ती म्हणाली, "मी रोखायाला म्हटलं, फोनही गेला, आता काय? ती म्हणाली, आई, कुंबाकडे आहे म्हणजे सुरक्षित आहे." मी तिला सांगितलं, कॉम्प्युटर बिघडलाय. ती म्हणाली, "होतं असं, यंत्रच ते. दुरुस्त झाला की येईन." लापशी ठेवून गेली.

तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही. पुसलेलं परत काढणारा प्रोग्राम असतो, तो चार दिवस चालवला. नुसतं पुसलं असतं तर बहुतेक सगळं मिळालं असतं असं कॅफेतली मुलगी म्हणाली, पण त्यावर मी नवं बसवलं. एकतीस तुकडे निघाले. अठ्ठावीसमध्ये फक्त खरखर आहे. दोन मधेच तुटतात. एक अखंड आहे, चाळीस सेकंदांचा. त्यात तो सांगतोय की इथला भात बरा आहे, रोज जेवतो, आईला म्हणावं काळजी नको, आणि मागं कुणीतरी त्याला हाका मारतंय. ते तिन्ही या पाकिटातल्या छोट्या कार्डवर आहेत. खरखरीचे अठ्ठावीसही टाकलेत, पुढंमागं कुणाला जमलं तर.

नक्षीबद्दल या पत्रात मी काही मागत नाही. ते भांडण वेगळं आहे आणि ते मी सोडलेलं नाही, तू समोर आलीस तर तोंडावर बोलेन. लिहायचं कारण एवढंच की रविवारी सकाळी मी तुझ्या आईकडे जाणार आहे आणि कॉम्प्युटर बिघडला नव्हता, मी पुसला, हे तिला सांगणार आहे. का पुसला ते तिला सांगणार नाही. तिनं विचारलं तर म्हणेन, रागात होते. ते तू सांगायचंस की नाही, तुझं तू ठरव. पण तिच्या तोंडून तुला हे कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून दोन दिवस आधी लिहिलं. तू तिथं असलीस तर मी तुझ्यासमोर सांगेन. नसलीस तरी सांगेन.

सध्या तरी तुझीच, दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही,
कुंबा