शालूच्या खालचा गुडघा

११ फेब्रुवारी

पाय पुन्हा आखूड. सकाळपासून कागदावर कागद खराब केले, सगळ्या बाया कमरेखाली बुटक्या. देवाकाकाने तंबाखूचा खर्रा घोटता घोटता वाकून पाहिलं. "हे बाई होय का बेंडूक?"

काका पेंटर. लग्नाच्या भिंती, दुकानाच्या पाट्या, शाळेचे नकाशे. बी.एस्सी. अर्धवट टाकून आलो तेव्हापासून मी त्याचे डबे धुतो. मोबाईलवरचा मास्तर सांगतो, उभ्या माणसात त्याचं स्वतःचं डोकं साडेसात वेळा मावतं. काका म्हणतो पाच पुरे. "लोकं भितीवर तोंड पाह्यतात, तंगड्या कोण पाह्यते?" भांडलो. ब्रश फेकला. मग मीच तो भाताच्या तणसातून शोधून आणला, धुतला.

संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर बसलो होतो तेव्हा उलगडलं. उन्हाळी धानाचा रोवणा चालू आहे. मी गावातल्या मोनालीला इतके दिवस त्यांच्या शेताच्या बांधीतच पाहतोय, पोटरीपर्यंत चिखलात. पाय पाहिलेच नाहीत, तर हातातून कुठून उतरणार? ओळ संपली की ती सरळ होते, कमरेवर हात ठेवते. खाली पाण्यात आभाळ पडलेलं. आभाळात रोवलेली पोरगी. असं काढता आलं तर...

१६ फेब्रुवारी

बाबा जेवून दाराबाहेरच्या सपरीत आडवे झाले होते. सनकाडी घेतली, डोक्याएवढी तोडली आणि कपाळापासून टाचेपर्यंत मांडत गेलो. गुडघ्याशी पोचलो आणि बाबांचे डोळे उघडले.

"मढं मोजते का बे? जित्ता आहो मी!"

आई पदर तोंडात कोंबून हसत होती. बाबा दिवसभर ज्याला त्याला सांगत फिरले, कॉलेज सोडून पोट्टा बाप मोजाले लागला. सात डोकी भरले. अर्धं कमी. आयुष्यभर वाकून काम केल्यावर अर्धं कमी होत असेल का?

४ मार्च

आईला दारात उभं केलं. "लवकर कर, भात लागते."

कपड्याला आपला आकार नसतो हे आज डोळ्याने पाहिलं. लुगडं कमरेच्या हाडाला धरून असतं, तिथून सुटतं, पुढे गुडघा आला की पुन्हा अडतं. आई एका पायावर रेलली तर सगळ्या चुण्या दुसऱ्या गुडघ्यापासून निघाल्या, पंख्यासारख्या. गुडघा दिसत नाही, पण आहे कुठे ते कळतं.

"काय पाह्यते एवढा? जुनं आहे लुगडं, माहीत आहे मले."

भात लागला. करपलेला मलाच वाढला.

१३ मार्च

भंडाऱ्याहून रंग घेऊन येत होतो, त्याच बसमध्ये मोनाली. ती तिकडे नर्सिंगला आहे, रोज जाऊन-येऊन, रोवण्याला सुट्टीच्या दिवशी. जागा नव्हती, उभी होती. डावा पाय भक्कम, उजवा गुडघा सैल, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. बस वळली की सगळं अंग डाव्या कमरेवर झुलायचं आणि परत यायचं. अड्याळपर्यंत तेवढंच पाहिलं. बाहेर मोहाची झाडं पानं टाकून उभी, त्यांचा वास आत येत होता, की मला तसं वाटत होतं.

"तू चित्रं काढते म्हणे?"

"काढून राहिलो."

"कोणाचे?"

"कोणाचेबी."

हसली. घरी आलो आणि न थांबता काढलं. पाय बरोबर. पहिल्यांदा सगळं बरोबर. आता काहीही काढायला घेतलं, पाणी भरणारी बाई काढली, देवी काढली, तरी तीच उभी राहते.

२९ मार्च

काकाला काम आलं. शीतलताईचं लग्न. म्हणजे मोनालीची मोठी बहीण. दाराच्या एका बाजूला नवरदेव, एका बाजूला नवरी, वर नावं. काकाचा खांदा दुखतो म्हणून नवरी माझ्याकडे. माझ्याकडे! बाबांना सांगितलं. म्हणाले, "मोजाले कोणाले झोपवशीन आता?"

११ एप्रिल

शीतलताईच्या अंगणात दिवसभर. सुतळीने डोकं मापून साडेसात गाठी मारल्या. काकाचा नवरदेव पाच डोक्यांचा, माझी नवरी साडेसात. "माहा नवरदेव तुह्या नवरीच्या खांद्याले लागते बे!" शेवटी त्याने फेटा वाढवला. फेटा वाढता वाढता खिडकीला टेकला.

मोनाली चहा देऊन गेली. भिंतीकडे पाहिलं नाही. का मुद्दामच नाही?

१२ एप्रिल

शालू काढला. हिरवा, लाल काठ. ऊन भिंतीवरून सरकत होतं आणि चुण्या आपोआप येत होत्या, जणू कोणीतरी आत आधीच उभं आहे आणि मी वरून फक्त कापड नेसवतोय. अशी दुपार पुन्हा यावी.

१३ एप्रिल

गडबड झाली.

काल दिवेलागणीला त्यांच्या आईने रिवाजाप्रमाणे चित्रातल्या नवरीला हळदकुंकू लावलं. आज सकाळी शीतलताई पाहायला बाहेर आली, मान तिरकी केली आणि हसायलाच लागली. "अवो माय, हे मी कुठची? हे तर आपली मोनी उभी आहे!"

तोंड मी काकासारखंच काढलं होतं, टपोरे डोळे, बारीक नाक. पण डावा पाय, सैल गुडघा, पदराचं टोक बोटाला. देवाशपथ, मला दिसलंच नव्हतं.

बाया हसल्या. मग शेजारची एक काकू म्हणाली, "पेंटरच्या पोट्ट्याले लय पाठ आहे वो पोरगी." त्यावर कोणी हसलं नाही.

तिचा भाऊ गौरव आला. "कुठी पाह्यलं बे तिले एवढं?"

"डोळे आहेत मले!"

त्याची कॉलर माझ्या हातात, माझी त्याच्या. काका मधे पडला. मोनाली दारात ताट घेऊन होती. ताट खाली ठेवलं, आत गेली.

तिच्या बाबांनी चुन्याची बादली आणली. तिच्या आईने धरली. हळदकुंकू लागलेली नवरी पुसत नाहीत, लग्न मोडतं म्हणतात. दिवाळीच्या सारवणापर्यंत हात लावता येत नाही. आणि परवा नवरदेवाकडचे येणार. ते पाहतील, विचारतील. काकू सांगेल. मग शीतलताईचं राहील बाजूला, नाव मोनालीचं निघेल. माझ्यामुळे.

१४ एप्रिल

काका म्हणाला, पुसता नाही येत, पण चढवता येते. "शेला टाक वरून. सरळ. टिनासारखा. माह्यासारखा."

टाकला. खांद्यापासून पायापर्यंत पिवळ्या सरळ रेघा. कमर गेली. गुडघा गेला. बोटाला गुंडाळलेला पदर गेला, तिथे वरमाला दिली. आतलं अंग एका बाजूला कललेलं आणि वरचं कापड सरळ, असं कधी होतं का? मास्तरने पाहिलं तर मोबाईल फोडेल. रेघ मारताना मधे मधे थांबत होतो, गौरव मागे खुर्ची टाकून बसला होता. त्याला वाटलं असेल मी घाबरलो.

शेवटी खरंच खांबाला कापड गुंडाळल्यासारखी झाली. तिची आई म्हणाली, "आता कशी नवरीवानी दिसते."

आतून सारखा खिडकी आपटल्याचा आवाज येत होता. वारा नव्हता.

१८ एप्रिल

लग्न. गेलो नाही. पाळीवर बसून बँड ऐकला. पाण्यावर बगळे, त्यांच्या पायांचं माप मनातल्या मनात. बाबा लाडू घेऊन आले. "लय चांगली काढली बे नवरी! सगळे तिच्यासोबत फोटो काढून राहिले होते." पहिल्यांदा शाबासकी दिली. लाडू बाजूला ठेवला.

"मोनाली दिसली का?" तोंडातून निघून गेलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पंगतीत वाढत होती," आणि बैलांकडे गेले.

२ मे

रंग संपले. फाट्यावर भंडारा गाडीला उभा होतो. मोनाली आली. ऊन एवढं की डांबर पाण्यासारखं हलत होतं, ती त्यातून चालत आली, आधी नुसता आकार, मग पाय, मग ती.

बसमध्ये तिने शेजारच्या जागेवरची पिशवी मांडीवर घेतली. बसलो. हातांचं काय करावं कळेना.

खिडकीकडे पाहत म्हणाली:

"झाकली काहून?"

"तुह्यासाठी. लोकं बोलले असते."

"मले विचारलं होतं?"

मी खिशातली सुटी नाणी मोजू लागलो.

"काढताना बी नाई विचारलं, झाकताना बी नाई. माहं सगळं तूच ठरवून राहिला."

एरवी कोणी असं बोललं असतं तर मी उतरूनच गेलो असतो. चालत्या गाडीतून. पण राग आलाच नाही. कुठे गेला काय माहीत. तिच्या कपाळाला केस चिकटले होते, आणि इतक्या महिन्यांत मी तिचा चेहरा कधी काढलाच नाही हे तेव्हा लक्षात आलं. काढायची हिंमतच झाली नव्हती.

"आता विचारलं तर?"

"पहिले तिकीट काढ. कंडक्टर उभा आहे कवाचा."

काढलं. तिचंही काढायला गेलो, तिने पास दाखवला. मग भंडारा येईपर्यंत मी समोरच्या सीटवरच्या गंजाकडे पाहत होतो, ती बाहेर. मधेच डुलकी लागली तिला. मी हललो नाही.

स्टँडवर उतरली, ओढणी सारखी केली, दोन पावलं गेली, वळली.

"विचाराचं असन तर रविवारी घरी आहो मी. गौरव बी आहे."

दोन्ही एकाच आवाजात म्हणाली.