रिकामा कप्पा

३ तारीख
नोकरी झकास मिळाली! उंदरांच्या पिल्लांचं हगणंमुतणं काढायचं आणि वर राहायला फुकट खोली. प्रयोगशाळेच्या खालून रस्त्याचा बोगदा जातो, त्यामुळे हॉर्नचा उच्छाद आहे. पण मोठ्या बाई म्हणाल्या, खिडकी बंद ठेवा, भिंतीतल्या झरोक्यातून स्वच्छ हवा येते. माझ्या चार वर्षांच्या चिमणीची टकळी सारखी चालू असते. तिने इथल्या हवेच्या पंपवाल्याला पहिल्याच दिवशी मामा करून टाकलं.

६ तारीख
काम कळलं. काही पिल्लांना साधी हवा, काहींना पंपाने ओढलेली बोगद्यातली. तीन आठवड्यांनी परीक्षा. आज आधीच्या पिल्लांची होती. पिल्लू मधल्या कप्प्यात सोडायचं. एका बाजूला जाळीमागे सोबती, दुसऱ्या बाजूला रिकामा कप्पा. साध्या हवेतली पिल्लं सोबत्याकडे धावतात. बोगद्याच्या हवेतली रिकाम्या कप्प्यात जाऊन पाठ करून बसतात. मला त्यांचा रागच आला. मी चुचकारलं तर बाई खेकसल्या, हाक मारायची नाही, फक्त मोजायचं. बाईंपेक्षा दगड बरा.

१४ तारीख
चिमणी गप्प गप्प असते. मामा आला तर भिंतीकडे तोंड करून बसली. ती किती बोलते, किती वेळ एकटी बसते, बाईंनी चारदा विचारलं. मीही मूर्खासारखं सगळं सांगितलं. वाटलं, बाईला माया फुटली.

२१ तारीख
जवळ घेतलं तर कडकडून चावली. रक्त आलं. तिने बघितलंही नाही.

२३ तारीख
पंपवाल्याने मान खाली घालून सांगितलं, बोगद्याच्या नळीला दोन फाटे आहेत. एक पिल्लांकडे, एक आमच्या झरोक्यात. माझ्याआधी या कामावर असलेल्या बाईच्या मुलाचं काय झालं विचारलं, तर चालू लागला. सगळे एकाच माळेचे मणी. झरोक्यात चादर कोंबली. उद्या निघायचं.

२४
सामान मोजून द्या म्हणून बाईंनी कोठीत पाठवलं — मागून कडी. समोर जाळी. पलीकडे चिमणी, एकटी. तिच्यामागे एक रिकामी खोली, दार उघडं. बाईंच्या हातात घड्याळ.

"हाक मारलीत तर पुन्हा पहिल्यापासून. आणखी तीन आठवडे."

तोंडात पदर कोंबलाय. हात थांबला तर ओरडेन, म्हणून लिहितेय —

उठली. बघतेय माझ्याकडे. ये गं बाळा — दोनच पावलं —

वळली. तिकडे निघाली — आता मारतेच हाक, तीन आठवडे तर तीन आठ