माझ्या उजव्या हाताला लागलेली जाबरची नजर

बार्कस, हैदराबाद
ईदनंतरचा दुसरा शुक्रवार

आदरणीय सईद मामूंना,
भाचा मुबारक याचा हात (सध्या डावाच) छातीवर ठेवून सलाम. तुमची साखर, मामीजानचे गुडघे आणि जेद्दाहच्या घरातला एसी, तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील अशी उमेद करतो. इकडे अम्मी खुशाल आहे. तुम्ही पाठवलेला खजूर पोचला, त्यातला अर्धा अम्मीने शेजारीपाजारी वाटला आणि उरलेला अर्धा कुठे ठेवला ते ती कुणाला सांगत नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर मामू, तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि माझं बोलणं मामीजान ऐकतात, मामीजानचं बोलणं अम्मी ऐकते आणि अम्मीचं सगळं बार्कस. म्हणून हे पत्र उमऱ्यासाठी मक्केला निघालेल्या हबीब चाचांच्या हाती देतो आहे. एकट्याने वाचा.

विषय माझ्या उजव्या हाताचा आहे. कोपराच्या आतल्या बाजूने एक कळ निघते, ती मनगटापर्यंत जाते, तिथे जरा दम खाते आणि आल्या वाटेने परत येते. चहाचा पेला उचलला की कळ, दुकानाचं कुलूप काढलं की कळ, गिऱ्हाइकाला परदेशी चादरीची घडी उलगडून दाखवली की कळ (घडी उलगडल्यावरच गिऱ्हाईक उठून जातं, हे दुःख निराळं). आणि आपल्या मोहल्ल्यात सलाम करताना लोक हात नुसता हातात घेत नाहीत, पिळून काढतात. त्यामुळे मी हल्ली नमाजानंतर मशिदीच्या मागच्या दाराने सटकतो. लोकांना वाटतं की मी घेणेकऱ्यांना चुकवतोय.

याचं मूळ तालमीत आहे. मला मिसरूड फुटली तेव्हापासून मी उस्ताद बदर यांच्या तालमीत वजनं उचलतो, आणि आजवर माझ्या दंडाबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. पण मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला. आपल्या धाकट्या शेफाचा नवरा जाबर, मंडीचा मटणभात आणि हलीम शिजवून शिजवून त्याचं पोट सुटलं होतं. शेफा काळजीने रडत माझ्याकडे आली. मोठा भाऊ म्हणून मी त्याला तालमीत घेऊन गेलो, बार कसा धरायचा ते माझ्या या हातांनी शिकवलं. मामू, वर्ष झालं नाही तोच त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत अशा शिरा उठल्या की उस्ताद बाहेरच्या पोरांना हाका मारून त्याचे हात दाखवू लागले. माझ्याकडे उस्तादांनी पोरांना उभ्या जन्मात एकदाच बोलावलं होतं, आणि ते बार कसा धरू नये हे दाखवायला.

मला त्याचा हेवा वाटतो असं मुळीच समजू नका. मला फक्त झोप लागत नाही. तो दोन प्लेटा लावायचा, मी तीन लावायचो. तो बारला लोंबकळायचा, तो उतरेपर्यंत मीही शेजारी लोंबकळत राहायचो, कधी कधी तर तो लोंबकळतानाच डुलकी काढतोय की काय असं वाटेपर्यंत. आरसा समोरच असल्यामुळे त्याच्यावर नजर ठेवायला सोपं जायचं. आणि अशाच एका संध्याकाळी कोपरात पहिली कळ आली.

मग इलाज सुरू झाले. हकीमसाहेबांचं तेल लावलं, त्याने बनियनला कायमचा हिरवा डाग पडला. हाडवैद्याने अंड्याचा बलक फासून बांबूच्या कामट्यांची पट्टी बांधली, तेव्हापासून दोन मांजरी दुकानापर्यंत माझ्या मागे यायच्या. शेवटी मी डोकं चालवलं. जाबरचे हात तालमीने बनलेलेच नाहीत, ते हलीमने बनले आहेत! रमजानभर तो जमिनीत पुरलेल्या देगेशी उभा राहून लाकडी घोट्याने गहू आणि मटण घोटतो. म्हणजे त्याने आधीच तयारी करून तालमीत पाऊल टाकलं, ही सरळ सरळ लबाडी झाली. तेव्हा मदतीच्या निमित्ताने मीही त्याच्या भट्टीवर गेलो. थोडा वेळ घोटा मारला असेल नसेल, माझी बोटं घोट्याभोवती जी मिटली ती उघडेनात. जाबरने ती एकेक करून सोडवली. चमचा धरता येईना म्हणून भर रस्त्यात, इफ्तारच्या गर्दीसमोर, त्याने मला हलीम भरवलं. हलीम फार सुरेख झालं होतं. तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर आमची बेगम रुकय्या मला हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. स्वर्णलता नावाची तेलुगू मुलगी आहे, तुमच्या फहदपेक्षा लहान. तिने नेमकी दुखऱ्या जागी बोट रोवलं आणि मी किती वजन उचलतो ते विचारलं. मी खरं तेच सांगितलं, फक्त दोन प्लेटा वाढवून. ती म्हणाली, "सर, वजनाचं काही नाही. तुम्ही वस्तू धरत नाही, आवळता. कुणी हिसकावून घेणार आहे का?" मी म्हटलं, बार्कसमध्ये माझ्या हातातून काही हिसकावून घेणारा अजून जन्मायचा आहे. त्यावर तिने मला लिंबाएवढ्या जाडीचं एक गुलाबी डंबेल दिलं आणि ते सावकाश खाली सोडायला सांगितलं, दोन महिने. तालमीत मी ते रुमालात गुंडाळून नेतो. एकदा ते हातातून निसटलं तर मला वाकावं लागू नये म्हणून जाबर धावत आला आणि त्याने ते दोन बोटांत उचलून अदबीने माझ्या हातात दिलं. मला सांगा, हे सहन कसं करायचं?

आता खरी गोष्ट ऐका. मध्यंतरी जाबर आपल्या मावशीला भेटायला रायचूरला गेला होता. ते सगळे दिवस माझा हात साफ बरा. मी गॅसची टाकी उचलून स्वयंपाकघरात ठेवली, अम्मीचं लोखंडी कपाट सरकवलं. तो परत आला, "भाईजान, हात कसा आहे?" म्हणून गळ्यात पडला आणि जी कळ निघाली ती थेट दातापर्यंत. तेव्हा रुकय्या भाजी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "जाबरभाई गावात नसले की तुमचा हात दुखत नाही. हे डॉक्टरीणबाईंना सांगितलंत का?" मामू, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नजर! जाबरची नजर लागली आहे माझ्या हाताला.

मी अम्मीला तडक नजर उतरवायला बसवलं. तिने लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका असा उठला की समोरच्या घरातली माणसं लुंग्या सावरत रस्त्यावर आली. ठसका उठला म्हणजे नजर नाही, असं अम्मीचं शास्त्र. मी म्हटलं, मिरच्या गुंटूरच्या आहेत, त्यांना आपल्या घरातलं काय कळणार? संध्याकाळी जाबर शेफाला सोडायला आला, तेव्हा अम्मीने त्याच पुडीतल्या मिरच्या त्याच्यावरून ओवाळल्या. मामू, मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण कुणाला साधी शिंकही आली नाही. मग सगळं घर माझ्याकडे बघत बसलं. माझ्या मते तोवर मिरच्या सादळल्या होत्या.

हे सगळं सांगायचं कारण फहदचं इथे बार्कसला होणारं लग्न. अम्मी म्हणते, तुम्ही फोनवर म्हणालात की मुबारकचा हात बरा नसेल तर नानांचा वाकड्या पात्याचा जंबिया घेऊन वरातीपुढे जाबर नाचेल. मामू, मी तुम्हाला उलट बोलणार नाही. फक्त आठवण करून देतो की तो जंबिया नानांनी आपल्या हाताने माझ्या हातात दिला होता, आणि तेव्हापासून आपल्या घराण्यातली एकही वरात माझ्याशिवाय निघालेली नाही. मार्फ्याचे ढोल वाजायला लागले, मनगट फिरलं आणि पातं दिव्यांत लखलखलं की मी चादरी विकणारा मुबारक उरत नाही. बाकी माझ्याकडे आहे तरी काय? जाबर चांगला माणूस आहे, पण त्याच्या हाताला कायम मटणाची चरबी असते आणि मूठ चांदीची आहे, निसटून कुणाला लागलं म्हणजे? शिवाय हल्ली पोलीस कडक आहेत. माझं ऐकाल तर या खेपेस जंबिया तुमच्या इथल्या घरातल्या कपाटातच राहू द्या. यात माझा काही स्वार्थ नाही. मामीजानना सलाम, फहदला मुबारकबाद.

तुमचा, सगळ्यांचं भलं चिंतणारा भाचा,
मुबारक बिन अवद

ता. क. जंबिया बाहेर काढायची फारच इच्छा असली तर लग्न दोन महिने पुढे ढकलता येईल का? मुलीकडच्यांना सांगा, मामीजानचे गुडघे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच जाबर आला. तुम्ही त्याला फोन केलात म्हणे, मला नाही. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मी मामूंना नकार दिला, भाईजान. माझ्या वरातीत तुम्ही नाचलात, मी घोड्यावरून सगळा वेळ तेच बघत होतो. मला तसं जन्मात जमणार नाही. हात दुखला तर दुखला, मी कोपराला खालून आधार देईन, पण जंबिया तुम्हीच घ्यायचा." मामू, मी उठून त्याला मिठी मारली, खोटं कशाला सांगू. (तो बोलत होता तेवढा वेळ माझी मूठ उघडी होती, असं रुकय्या म्हणते. मी पाहिलं नाही.) तो गेल्यावर मात्र विचार केला आणि डोकं पुन्हा भडकलं. हात त्याचे, हलीम त्याचं, आणि आता मनाचा मोठेपणाही त्यानेच आधी करून टाकला! उद्यापर्यंत सगळ्या बार्कसला कळेल की जाबरने माझ्यासाठी जंबिया सोडला. मी काय सोडायचं?

शेवटचं ता. क. वर कपाटाबद्दल आणि चरबीबद्दल लिहिलेलं खोडून टाका. लग्न ठरल्या दिवशीच होऊ द्या. एवढंच करा, वरात निघताना सगळ्यांसमोर जंबिया आधी जाबरपुढे धरा. तो नाही म्हणेल. मग मला विचारा. मी मोठ्याने म्हणेन, नाही मामू, जाबरलाच द्या. पुन्हा विचारा, मी पुन्हा नाही म्हणेन, त्याहून मोठ्याने. म्हणजे दोन नकार माझे झाले, त्याचा एकच. तिसऱ्यांदा मात्र लगेच विचारा मामू, मध्ये कुणाशी बोलत थांबू नका. जाबर भोळा आहे, माझं ऐकून हो म्हणून बसायचा.