अठरा ते पंचवीसपुरते बौद्ध

ईडन प्रेरी, मिनेसोटा
फेब्रुवारी, बर्फाचा रविवार

तीर्थरूप शंकरदादास,

धाकट्या मोनालीचा कडक जयभीम. तुझा गुडघा, वहिनींची शुगर आणि इंदोऱ्याच्या नळाचं पाणी, तिघांचीही तब्येत बरी असेल असं धरून चालते. आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे धम्मदीप ठीक आहे, आयुष ठीक आहे, मी ठीक नाही. पण घरात बहुमत ठीक असणाऱ्यांचं आहे. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू अर्धं कपाळ दाखवतोस आणि "हं, बोल" एवढंच म्हणतोस, आणि धम्मदीप माझ्या मागे उभा राहून माझं बोलणं दुरुस्त करत असतो. म्हणून लिहिते आहे. फौजेतल्या सवयीने पहिली ओळ वाचून बाजूला ठेवू नकोस. शेवटपर्यंत वाच.

तर झालं असं. इथे अठरा ते पंचवीस वर्षांच्या मुलांना सरकारदरबारी नाव नोंदवावं लागतं, कधी सक्तीची लष्करभरती काढायची वेळ आलीच तर नावं हाताशी असावीत म्हणून. गेल्या पन्नासएक वर्षांत ती वेळ आलेली नाही, त्यामुळे कोणी ते मनावर घेत नसे. पण आता बातमी आली की नावं आपोआपच चढणार, मुलांनी काही करायलाच नको. त्यात टीव्हीवर रोज कुठे ना कुठे युद्ध. झालं! आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर पहिल्या दिवशी भरती सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी आमची मुलं सीमेवर पोचलीसुद्धा (कुठल्या सीमेवर, ते कोणी विचारलं नाही. इथून जवळची सीमा कॅनडाची). धम्मदीपने लिहिलं, "ही नुसती नोंदणी आहे, भरतीसाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागेल." त्याला कोणी अंगठासुद्धा दिला नाही. उलट कोणीतरी टाकलं की तळवे सपाट असले की फौजेत घेत नाहीत, त्याला मात्र फुलं आणि हात जोडलेले. आयुषला गेल्याच महिन्यात अठरावं संपलं. मी त्याचे पाय भिजवून त्याला किराणाच्या कागदी पिशवीवर उभं केलं. तळव्याची कमान अशी उठली, की खालून आगगाडी जावी. मग धम्मदीपला उभं केलं. तव्यासारखा ठसा! ज्याला कोणी नेणार नाही त्याचे पाय सपाट, आणि ज्याला नेतील त्याचे आपल्या माहेरचे. पोराने एक गोष्ट सासरची घेतली असती तर काय बिघडलं असतं?

तिसऱ्या दिवशी मृणालिनी आली. ही आमची दोन घरं सोडून राहणारी शेजारीण, राजीवची बायको, वेदची आई. बाई मनाने वाईट नाही. पण अकरा वर्षांत तिने मला मूळ आडनाव तीनदा विचारलं आणि बुद्धजयंतीला एकदाही आली नाही (दरवर्षी नेमकं त्याच दिवशी तिचं डोकं दुखतं. पौर्णिमेचा परिणाम असावा). या वेळी गुळाच्या पोळ्यांचा डबा घेऊन आली, सोफ्याच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "तुमच्यात अहिंसा कंपल्सरी असते ना?" राजीवच्या ओळखीच्या कोणा वकिलाने सांगितलं होतं, की ज्याच्या श्रद्धेत माणूस मारणं बसत नाही त्याला लढण्यातून सूट मागता येते, पण श्रद्धा खरी आहे हे बोर्डापुढे पटवावं लागतं. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "अठरा ते पंचवीसपुरतं बौद्ध होता येतं का गं?"

दादा, मी पोट धरून हसणार होते. पण तिचे डोळे भरले होते. वेद तिचा एकुलता एक, आयुषच्याच वर्गातला, सहा फूट दोन इंच, बर्फावरची हॉकी खेळताना समोरच्याला काचेवर चेपणारा. ज्या भीतीने मी आयुषचे पाय भिजवले, त्याच भीतीने तिने पोळ्या लाटल्या होत्या. मी म्हटलं, "ये रविवारी वंदनेला."

आपली वंदना महिन्यातून एकदा, लायब्ररीच्या खोलीत. बुद्धमूर्ती धरून आम्ही नऊ जण, त्यातले दोघे खिचडीसाठी. त्या रविवारी गाडी लावायला जागा नव्हती! मृणालिनीने सगळ्या ग्रुपला सांगितलं होतं. राजीव, मोठा डॉक्टर माणूस, पांढरा कुर्ता घालून (बर्फात!) पहिल्या रांगेत मांडी घालायचा प्रयत्न करत होता. मुलं हॉकीच्या जर्सीत, ओढून आणलेली. आया फोन उगारून उभ्या, कारण पुरावा म्हणून फोटो हवेत. "वेद, डोळे मिट. शांत दिस. अजून शांत!" पंचशील सुरू झालं. पहिल्या शीलाला, प्राणिहत्या करणार नाही, असा दणदणीत आवाज आला की शेजारच्या खोलीतली विणकामाची मंडळी डोकावून गेली. पाचव्या शीलाला, म्हणजे मद्य घेणार नाही म्हणताना, पुरुषांचा आवाज एकदम बसला. राजीवने माझ्याकडे वाकून विचारलंच, "एखादं सुटलं तर बाकीची रद्द होतात का?" (त्यांच्या तळघरात बार आहे.)

इथवर सगळं नीट चाललं होतं. मग राजीवने धम्मदीपला सांगितलं, "तुमच्या अहिंसेच्या परंपरेवर दोन शब्द बोला, मृणालिनी रेकॉर्ड करते आहे." दादा, ज्याला वीस वर्षं नऊ जणांपुढे बोलायची सवय, त्याला भरलेली खोली मिळाली. बुद्धाची करुणा झाली, कलिंगानंतरचा अशोक झाला, बायका डोळे पुसू लागल्या. आणि मागून एका काकांनी सहज विचारलं, "म्हणजे तुमच्यात आर्मीत कोणीच जात नसेल?"

आता तुझा मेव्हणा खोटं बोलत नाही. हे चौथं शील आहे आणि त्याचा सगळ्यात मोठा दोषही. तो म्हणाला, "जात नसेल? अहो, आमची अख्खी रेजिमेंट आहे!" आणि सुटला. महार रेजिमेंट, बाबासाहेबांचे वडील सुभेदार, आपले आजोबा, आणि शेवटी तू. नुसतं सांगून थांबला नाही, भिंतीवरच्या पडद्यावर तुझा फोटो लावला, मिशा आणि मशीनगनसकट. वर "यश सिद्धी!" या रेजिमेंटच्या ब्रीदाची आरोळी. विणकामवाल्या पुन्हा आल्या.

तेव्हा वेदने डोळे उघडले. "वेट, हा तुझा अंकल? दॅट्स सिक!" (इथे सिक म्हणजे उत्तम.) आणि आमचा आयुष, जो वंदनेत कधी तोंड उघडत नाही, तो उभा राहून तुझ्या बर्फातल्या पोस्टिंगच्या गोष्टी सांगू लागला. पोरं गोळा होऊन त्याच्याभोवती बसली. मृणालिनी थिजून गेली होती, तिला फोन बंद करायचंही सुचलं नाही. त्यामुळे बोर्डाला दाखवायच्या व्हिडिओत सुरुवातीला थोडी अहिंसा आहे, बाकी सगळी पलटण. दुसऱ्या दिवशी वेदने घरी सांगितलं, की मला भरतीच्या ऑफिसात जाऊन नुसती चौकशी करायची आहे. तेव्हापासून मृणालिनी माझ्याशी बोलत नाही, पोळ्यांचा डबा तेवढा मागून नेला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण वेदची ही बातमी कळली त्या संध्याकाळी आयुष माझ्याबरोबर कोथिंबीर निवडत होता. मी विचारलं, "तुलाही जायचंय का?"

"आय डोन्ट नो, मॉम." मग हातातली काडी बाजूला टाकून म्हणाला, "पण मला कोणी विचारलंच नाही. गव्हर्नमेंट आपोआप नाव टाकणार, तू आपोआप माझे पाय भिजवणार. मामाला पण असंच नेलं होतं?"

"नाही. तो स्वतः गेला."

"देन आय वॉन्ट दॅट पार्ट. स्वतःचा पार्ट."

मी निवडलेलीच कोथिंबीर पुन्हा निवडायला घेतली. कारगिलच्या उन्हाळ्यात मी कॉलेजात मिरवत फिरायची, माझा भाऊ तिकडे आहे म्हणून. त्या उन्हाळ्यात आईने आंबा तोंडाला लावला नाही. मला वाटायचं, तिला आंबट लागत असतील.

असो. वहिनींना जयभीम सांग. गुडघ्याला तेल लाव, औषध म्हणून दुसरं काही नको (पाचवं शील).

तुझी धाकटी,
मोनाली

ता. क. : खरं काम हे, की आयुषला फोन कर. जेवण किती वाईट, डास केवढे मोठे, ते सविस्तर सांग. पदकांचं अजिबात नको. आणि आपल्या आईचं, त्या आंब्यांचं सांग. मी सांगायला गेले की मध्येच उठून भांडी घासायला लागते.

ता. क. २ : मृणालिनी आत्ताच येऊन गेली. म्हणाली, वेदलाही त्याच कॉलवर घे, दोघांना एकदमच घाबरव. व्हिडिओचा सुरुवातीचा भाग तिने वेगळा कापून ठेवला आहे. पुढच्या वंदनेला खिचडी ती करणार.

ता. क. ३ : पाकीट बंद करता करता आयुष आला. म्हणतो, मामाशी माझं आठवडाभर बोलणं चाललंय! आणि तू डासांचं काहीच सांगितलं नाहीस. एवढंच सांगितलंस, "जायचं असेल तर आधी आईला विचार. मी विचारलं नव्हतं." दादा, हे तू मला इतक्या वर्षांत बोलला नाहीस. मी समजत होते, आईनेच तुला ओवाळून पाठवलं. आता तो टेबलापाशी उभा राहून मला विचारतो आहे. काय उत्तर देऊ, ते लवकर कळव. तोवर त्याला आमच्या आणि मृणालिनीच्या, दोन्ही दारांतला बर्फ उपसायला धाडलं आहे. बर्फ पुष्कळ आहे, आणि अजून पडतो आहे.