सरकीतला सूर्य

३ जानेवारी २०२५

आज आंघोळीचं पाणी कोमट! ऐन थंडीत गिझरने असहकार पुकारला. जगात याहून मोठे अन्याय झाले असतील, पण ते माझ्या पाठीवर ओतलेले नव्हते. कुडकुडत पेपर उघडला, तर आमच्याच पेपरात पहिल्या पानावर – ‘झरीत बाटलीतला सूर्य!’ झरी गावात किशनराव म्हणून कुणी निवृत्त विज्ञान शिक्षक. बरणीत पाणी, निकेलची तार, बॅटरी. म्हणे थंड पाण्यात अणू जुळतात आणि दिली त्याच्या दीडपट ऊर्जा परत मिळते.

४ जानेवारी

ओळखीच्या एका प्राध्यापकांना फोन केला. ‘शीत संलयन? पस्तीस वर्षांपूर्वीच मेलेला विषय. बघायला कशाला जायचं?’ मलाही पटलं. झरी लांब नाही, पण थंडी किती!

६ जानेवारी

पेपरातलं माझं विनोदी सदर झकास उतरलं. ‘मी स्वतः झरीला जाऊन आलो. सूर्य भेटला. स्वेटर घालून बसला होता.’ लिहिताना एकटाच हसलो. गेलो कुठे होतो? पण गेलो म्हटल्याशिवाय थट्टेला वजन येत नाही.

९ जानेवारी

झरीत दोन चॅनेलवाले. संपादक तात्याराव खूश. ‘अजून एक हाणा!’ हाणला.

१८ जानेवारी

हादरलोय.

सकाळी दारात किशनराव! इस्त्रीचा सदरा, काखेत वही. वाटलं, भांडायला आले. चार टोमणे जुळवूनही ठेवले.

‘साहेब, चुकलंच माझं.’

उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी बरणी सरकीच्या खोक्यात पुरली होती. काल शेजारच्या धुरपदाबाई म्हशीला दोन ओंजळी सरकी मागायला आल्या. खोक्यात हात घातला आणि ओरडल्या – ‘अवो सर, वली हाय की ही! तापणारच! म्हशीला सुदीक घालू न्हाई असली!’

बरणीची वाफ जिरून सरकी भिजलेली. भिजली की ती आपोआप तापते. आमच्या कापसाच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक! पण हात कुणी घातलाच नव्हता. सरांनी कोरडी सरकी भरून पुन्हा मोजलं. जास्तीची ऊर्जा गायब.

‘सव्वीस तारखेला शाळेनं सत्कार ठेवलाय माझा. त्याच्या आत ही चूक छापा. न्हाईतर पोरं माझ्या नावानं खोटंच शिकतील.’

मग वही उघडली. ‘सरकी कोणत्या दिवसापासून वली, तेवढं कळंना. तुमी आलतात तवा मी घरी नसंन. हात लावलाता का? गरम लागली का?’

आणि पेन उघडून बसले. माझं उत्तर टिपायला!

‘आठवत नाही,’ म्हणालो.

‘असू द्या. चॅनेलवाले फोटू काढून गेले. नीट बघायला म्हणून तुमीच तेवढे आलात.’



२० जानेवारी

सरांनी जाताना दिलेलं चुकीच्या कबुलीचं पत्र तात्यारावांपुढे ठेवलं. ‘सूर्य उगवला ही बातमी. मावळला यात काय बातमी? जागा नाही.’

२४ जानेवारी

जागा माझ्या सदराची होती. पत्र मी तिथे दिलं, जसंच्या तसं छापून आलं. खाली माझ्या नावानिशी एकच ओळ – ‘मी झरीला गेलोच नव्हतो.’