खोडमाशीला कोणी विचारलं नाही

बाई, मागच्या आठवड्यात मी साहेबांच्या टेबलावर ज्वारीची मेलेली रोपं ठेवून आले, मुळांना माती होती तशीच. तुम्ही वारल्यावर आपला विभाग त्यांच्याकडे आला. खोडमाशीला पुरून उरणाऱ्या ज्वारीच्या जनुकांतली खूण आपण दोघींनी शोधली होती. कोवळ्या पानाचा तुकडा तपासला की रोप टिकेल का ते कळावं, माशीची वाट बघायला नको. साहेब ती आता बियाणे कंपनीला देणार होते, कुठल्याही वाणाला चालते असं सांगून. मी बैठकीत म्हटलं की आपण ती एकाच संकरात पडताळली आहे, दुसरीकडे खूण राहील आणि गुण निघून जाईल. त्यावर ते हसले. लॅबमध्ये दिसतंय, मग शेतात काय बघायचंय, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खूण सापडली त्या दिवशी मी पेढे घेऊन तुमच्या मलकपेठच्या घरी आले होते. तुम्ही ओट्याशी भाकरी थापताय, आणि पेढ्यांकडे न बघताच मला झापताय. "खूण म्हणजे गुण नव्हे. उशिरा पेर, माशी येऊ दे, मग तोंड गोड कर." रडूच आलं होतं मला. यंदा मात्र तेच केलं. दुसऱ्या वाणांशी केलेले संकर मुद्दाम उशिरा पेरले. खूण असलेल्या रोपांच्यासुद्धा मधल्या कोवळ्या पानांचे पोंगे वाळले. पोंगा ओढला की अलगद हातात यायचा, बुडाशी सडका वास. तीच रोपं टेबलावर बघून साहेब इथल्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, आप बी वो बाई के जैसीच बातां करते."

करार थांबला. पण वर कळवताना त्यांनी सांगितलं की शंका त्यांनाच आली होती. तुम्ही काढलेला संकरित वाणही असाच दुसऱ्याच्या नावावर गेला होता, आणि तुम्ही "जाऊ दे गं" म्हणून कामाला लागलात. का जाऊ दिलंत? तेव्हा तुम्ही बोलला असतात, तर आमचं ऐकून घ्यायची या वरच्यांना सवय तरी लागली असती. मी या वेळी वर जाऊन सगळं सांगून आले. काय होईल ते होवो.

हे पत्र चिक्कडपल्लीला तुमच्या लेकीकडे द्यावं असं मनात आलं होतं. देणार नाही. तिला मराठी धड वाचता येत नाही, असं मी स्वतःला सांगतेय. खरं म्हणजे तिच्या आईवर मी अजून चिडलेली आहे, हे तिला कळू नये, एवढंच.