वर जाणारी रेघ

सांगली,
ऑक्टोबर १९९७

प्रिय स्वप्ना,

परवा एसटीडी बूथवर मागे रांग होती, म्हणून तुझ्याशी धड बोलता आलं नाही. आई बरी आहे एवढंच म्हणालो. जेवते, हे खरं. मीठ तोडलंय आणि पाणी मोजून मिळतं. माणदेशातल्या बाईला पाणी जपून पी म्हणून काय सांगायचं? ती जन्मभर तेच करत आली. इथल्या भाड्याच्या खोलीचे मालक नानासो भले गृहस्थ आहेत. डायलिसिसच्या दिवशी स्वतःच्या रिक्षातून आम्हाला इस्पितळात सोडतात.

फोनवर सांगता न येणारी एक गोष्ट आहे. म्हसवडच्या शाळेतली माझी भूगोलाची खोली तुला आठवत असेल. भिंतभर तक्ते. जिल्ह्याच्या पावसाच्या नकाशात पाटण, जावळी गडद निळे आणि आपला माण तालुका कोरा. दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, "सर, आपला रंगवायचा राहिला का?" पिकांचं विभाजित वर्तुळ, लोकसंख्येचे स्तंभ, आणि दारासमोर दहावीच्या निकालाचा रेषालेख. तक्ते चिकटवायची खळ तुझी आई शिजवायची. तिला अक्षर येत नाही, पण निकालाची रेघ वर गेलेली कळायची. त्या दिवशी घरात शिरा व्हायचा.

तिचा आजार कळल्यावर मी सवयीनं आलेख कागद आणला. मूत्रपिंडाला बाहेर टाकता न येणारी घाण रक्तात किती साठलीय ते रिपोर्टात येतं. प्रत्येक रिपोर्टचा एक ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. मला दुसरं काही करता येत नव्हतं गं. डॉक्टरांचं बोलणं निम्मं डोक्यावरून जायचं. कागदावर मांडलं की निदान दिसायचं. रेघ चढत गेली. एके दिवशी आईनं तो कागद उशाशी बघितला आणि तिचा चेहरा फुलला. "वर चाललीया की वो! मजी म्या बरी व्हतीया." मी हो म्हणून मान हलवली. पुढे डायलिसिस सुरू झालं, रेघ खाली आली. मला हायसं वाटलं आणि ती भिंतीकडं तोंड करून निजली, जेवली नाही. यंत्राचा गुण ओसरून रेघ पुन्हा चढली की ही इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या सुलाबाईंना कागद दाखवायची, हसून.

रेघेचा खरा अर्थ तिला सुलाबाईंच्या मुलीनं सांगितला असावा. गेल्या आठवड्यात आई मला म्हणाली, "मास्तर, एवढ्या पोरास्नी शिकिवलं. मला येक रेघ शिकवायचं जिवावर आलं व्हय?" रागावली नव्हती. तेच सोसवलं नाही. आता प्रत्येक रिपोर्ट विचारते आणि मी खरं ते सांगतो.

मूत्रपिंड देण्यासाठी तुझं रक्त आणि बाकीचं सगळं तिच्याशी जुळलं, हे तू केवढ्या आनंदानं सांगितलंस. माझ्या साखरेमुळं डॉक्टरांनी मला नाही म्हटलं, तेव्हा मी तिथल्या बाकावर बसूनच राहिलो होतो. तुझं जुळल्याचं ऐकूनही मी त्याच बाकावर जाऊन बसलो. प्रशांतराव रविवारी तुला न सांगता इथं येऊन गेले. भांडायला नव्हे. इस्पितळाच्या जिन्यात माझे हात धरून रडले. "आप्पा, ती माझं ऐकत नाही. प्रांजल अजून अंगावर पिते. तुम्हीच नको म्हणा." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. चहा पाजला, साताऱ्याच्या गाडीत बसवलं. नवऱ्यावर रागावू नकोस. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो. डॉक्टर म्हणतात, एका मूत्रपिंडावर माणूस चांगला जगतो. धोका अजिबात नाही ना, असं विचारलं की मात्र ते फाईल चाळू लागतात.

हे पत्र आईनं लिहायला लावलंय. सकाळपासून समोर बसून आहे. तिचे शब्द जसेच्या तसे देतो: "पोरीला सांगा, तुजं काय बी मला नगं. तू तुजं लेकरू सांबाळ. म्या लय जगले. आन् हिकडं यिऊ नगंस. आलीस तर माजं मन फिरंल." लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तिनं पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, खोडायला सांगेल. नाही सांगितलं. "आता तुमचं बी लिवा," म्हणाली. केव्हाचा पेन धरून बसलोय, स्वप्ना. 'ये' लिहवत नाही. 'येऊ नको' लिहवत नाही. आता पत्र पेटीत टाकतो आणि तसाच स्टँडवर जाऊन साताऱ्याहून येणाऱ्या गाड्या कुठल्या फलाटाला लागतात तेवढं विचारून येतो.

तुझाच,
आप्पा